भिंतीवरचा तेलाचा डाग

आजवर कुणाला सांगितलं नाही. ऑफिसातून उशिरा यायचो, तेव्हा बहुतेकदा काम नसायचंच. तलावाकाठी उगाच एकटा पाण्याकडे बघत बसायचो. घरी सुमन न जेवता, स्वयंपाकघराच्या भिंतीला डोकं टेकून माझी वाट पाहायची. तिच्या केसांच्या तेलाचा डाग तिथे उमटलाय. सकाळच्या उन्हात तो दिवसा राहून गेलेल्या चंद्रासारखा दिसतो.

आज रंगारी म्हणाला, "साहेब, आधी प्रायमर मारू. नुसता रंग दिला तर हा डाग परत वर येणार."

"मारा की," सुमन हसली. "यांच्या ऑफिसची कृपा आहे ती."

मी म्हटलं, "उद्या सांगतो."

प्रायमर मारायचाच आहे. पण त्याआधी, ऑफिसात काम नव्हतं, हे सुमनला सांगायचं राहिलंय.