मोहाच्या झाडाखालचा चेंडू

गोल्फ हा गोऱ्या साहेबांचा खेळ, पण मी तो शिकलो माजरीच्या कोळशाच्या धुळीत. पन्नासच्या दशकात मी तिथल्या खाणीत सर्व्हेअर होतो. साहेब गेले आणि त्यांचं सहा खड्ड्यांचं मैदान आणि तीन काठ्या मागे राहिल्या. आमच्या उन्हात हिरवळ कुठून टिकणार? खड्ड्याभोवती जळकं तेल कालवलेली वाळू थापलेली असायची. त्यावरून चेंडू खड्ड्यात घालायला शिकलो, आणि चांगला शिकलो. हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

नागपूरच्या एका क्लबातले गृहस्थ एकदा मला म्हणाले, "खाणीतला माणूस कोळसा काढणार, गोल्फ काय खेळणार?" राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. त्याच दिवशी एक वही केली. साहेबांनी आमच्या भागात जिथे जिथे मैदान आखलं होतं, तिथे तिथे जाऊन शेवटच्या खड्ड्यापर्यंत खेळायचं, फटके लिहायचे आणि वही त्या गृहस्थांपुढे ठेवायची.

सुट्टीमागून सुट्टी त्यात गेली. शेवटी एकच मैदान उरलं, आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या रेस्ट हाऊसमागचं, पाच खड्ड्यांचं. सागवानाच्या ट्रकमध्ये धूळ खात पोचलो. चेंडूही एकच उरला होता, आणि नवा मिळणं महामुश्कील. तो हरवला तर वही अर्धीच राहणार होती.

म्हातारा चौकीदार खूश झाला. "कोणी येत नाई साहेब आता, पण वाळू मी सपाट करून ठेवतो," म्हणाला. सकाळी सकाळी खेळायला लागलो. तीन खड्डे झकास झाले. चौथ्याला जरा जास्तच जोर लावला आणि चेंडू थेट मोहाच्या झाडाखाली गेला. खाली फुलांचा सडा पडलेला. पांढरट फुलं, पांढरा चेंडू. मी तरातरा आत शिरलो.

"जोडे काढ न भाऊ! फुलं तुडवून राह्यला तू."

टोपली घेऊन एक वयस्क गोंड बाई बसली होती. मी चिडून म्हटलं, "बाई, माझा चेंडू आहे इथे."

"झाड माह्या सासूचं होतं, आता माहं आहे. खाली जे पडलं, तेही माहं."

मी आवाज चढवला. तिने चढवला नाही, फुलं वेचतच राहिली. चौकीदार धावत आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मोहाचं झाड ज्याचं त्याचं असते. तिले इचारल्याशिवाय आम्हीबी पाय नाई ठेवत." मग बाईच म्हणाली, "टोपली भरू लाग. फुलं उचलली का तुहा चेंडू दिसनच."

काय करतो! जोडे काढले आणि वेचायला बसलो. कंबर मोडली. मी एक ओंजळ भरेपर्यंत तिच्या तीन व्हायच्या. टोपली भरत आली तेव्हा चेंडू दिसला. तिने हात घातला तसा मी ओरडलो, "हात लावू नका!"

तिने हात मागे घेतला. चेहरा कडक झाला. "काऊन? माह्या हातानं बाटते का?"

मी शरमलो. घाईघाईने सांगितलं, "तसं नाही, बाई. चेंडू जिथे पडला तिथूनच मारायचा, हलवायचा नाही, असा आमचा कायदा आहे."

ती हसली. "मंग तुह्याही खेळात कायदा आहे म्हन की." आणि चेंडूला धक्का न लावता त्याच्याभोवतीचं एकेक फूल तिने उचलून घेतलं. मी अनवाणीच फटका मारला. चेंडू सरळ वाळूवर जाऊन थांबला. पाचवा खड्डाही अनवाणीच पुरा केला आणि वहीत लिहिलं: तेवीस फटके, एक टोपली मोह.

पुढच्या महिन्यात वही घेऊन नागपूरला गेलो. गृहस्थांनी पानं उलटली, शेवटच्या पानावर थांबले. "ही टोपली कसली?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, ओरडलो तेही सांगितलं.

"चेंडूसाठी आधी फुलं वेचायची, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. ज्या बाईचं झाड, तिचा आहे. आणि मी तो पाळून खेळलो."

त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.