मचाणाची जागा

माणसानं कुठे बसावं हे या जगात फक्त माझ्या मामांना कळत होतं, बाकीचे आपण सगळे जागा मिळेल तिथे टेकणारे लोक आहोत, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. शारजात एका बांधकाम कंपनीत ते शटरिंगचे सुतार होते, पण सुतारकी हा त्यांच्या लेखी निव्वळ पोटाचा उद्योग. खरा हुद्दा होता मचाणाची जागा शोधणारा. शिकारीवर बंदी येण्याआधी, मामांच्या ऐन विशीत, सावंतवाडीकडच्या आमच्या गावात ठासणीच्या बंदुका बाळगणारे बरेच जण होते. मामांनी मात्र बंदुकीला कधी हात लावला नाही. ते दोन दिवस रानातून आणि शेतांच्या बांधांवरून हिंडायचे, लेंड्या बोटांनी चिरडून बघायचे, वारा कळावा म्हणून चिमूटभर राख हवेत सोडायचे आणि शेवटी एखाद्या झाडाला थाप मारून म्हणायचे, "हय बांधा." तिथून भेकरू दिसलं नाही असं म्हणे कधी झालंच नाही. हे "म्हणे" अर्थात मामांचंच. "बार काढणारे धा मेळतत, जागो दाखवणारो एकच," हे त्यांचं आवडतं वाक्य. गावचा रिवाजही तसाच होता. शिकारीत पहिला वाटा जागा दाखवणाऱ्याचा, तो मागेल ते द्यायचं, घासाघीस करायची नाही.

रान सुटलं, पण खोड सुटली नाही. शारजातल्या सहा खाटांच्या खोलीत ते राहायला आले आणि पहिल्याच शुक्रवारी त्यांनी पाचही जणांच्या खाटा हलवायला लावल्या. खाट एसीच्या झोतात नको, दाराकडे पाठ करून नको, आणि येणाऱ्याचे पाय आधी दिसले पाहिजेत. एका पंजाबी ड्रायव्हरनं कुरकुर केली, पण महिन्याभरात त्याची पाठदुखी गेली आणि तो मामांच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. साइटच्या बससाठी सगळे थांब्यावर उभे राहत, मामा वीस पावलं अलीकडे. कारण उन्हात ड्रायव्हर गाडी झाडाच्या सावलीपर्यंतच आणतो, हे त्यांनी हेरून ठेवलेलं. दार बरोबर त्यांच्या नाकासमोर उघडायचं. कॅफेटेरियात ते मोरीशेजारच्या, कुणालाही नको असलेल्या, पण तव्याजवळच्या टेबलावर बसत, आणि तव्यावरचा पहिला पराठा त्यांनाच मिळे. मी हसलो की म्हणत, "हस, हस. उपाशी हसतंस."

मी उपाशी नव्हतो, पण फारसा दूरही नव्हतो. १९९८ साली मी व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आलो होतो. हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यांच्या फाटकांवर अर्ज देऊन देऊन चपला झिजल्या, आणि व्हिसाचे दहा दिवस उरले. घरी आई मला नोकरी लागलीच आहे असं धरून चालली होती. तेव्हा एका बुधवारी मामा म्हणाले, "उद्या माझ्यावांगडा खोर फक्कानाक चल. अरबाबाक मचाण होया." अरबाब म्हणजे मालक. या मालकाचा हमरियात पाइपांचा कारखाना होता आणि खोर फक्कानच्या मागे डोंगराला टेकून शेत. शेतातल्या घराची दारं मामांनी बसवली होती. डोंगरातून दोन-चार हरणं उतरून त्याच्या चाऱ्याच्या वाफ्यात येत, सकाळी खुरांचे ठसे दिसत, पण हरिण काही दिसत नसे. बंदुकीचा प्रश्नच नव्हता, तिथेही बंदी होती. त्याला आपल्या म्हाताऱ्या आईला सांगायचं होतं की हरणं अजून आहेत, मी डोळ्यांनी बघितली. त्यासाठी त्यानं शेताच्या मधोमध लोखंडी मनोरा उभारून वर एसी लावला होता. तो सुरू झाला की ट्रॅक्टर आल्यासारखं वाटे. मामांनी मनोऱ्याला एक प्रदक्षिणा घातली आणि अतिशय दुःखानं मान हलवली.

मग ते शेतभर फिरले. वाफे बघितले, घाफच्या झाडांची दाटी बघितली, कोरड्या ओढ्यातली वाट बघितली, लेंड्या चिरडल्या. राख मात्र सोडली नाही. मी आठवण केली तर म्हणाले, "सांजेचो वारो पश्चिमेचोच. तेका राख कित्या व्हयी?" आणि वाफ्याच्या पूर्वेला, एका डेरेदार घाफवर त्यांनी फळ्यांचं मचाण बांधलं. मचाण दोघांचंच. तिसरा आला की गप्पा सुरू होतात, हा त्यांचा सिद्धान्त. वर अरबाब आणि मी. "माझो खोकलो हरणाक आयकाक जातलो. तू बस. थंय नुसतो गप रव," असं म्हणून मामा खाली बकऱ्यांच्या गोठ्यात गेले.

गुरुवारची संध्याकाळ गेली, शुक्रवारची गेली. हरिण सोडाच, मांजरसुद्धा आलं नाही. अरबाब खाली उतरला तो संतापूनच. "हरन किधर है? दो दिन हम बंदर का माफिक झाड़ पे बैठा! खलास, घर जाओ." मामा गोठ्याच्या दारात विडी ओढत आपल्याच धुराकडे बघत होते. धूर सरळ डोंगराकडे निघाला होता, आणि त्याच डोंगरामागे सूर्य चालला होता. "आयला," मामा हळूच म्हणाले, "हेंचो सूर्य डोंगरात बुडता!" जन्मभर ज्यांनी सूर्य समुद्रात बुडताना पाहिला, त्यांना संध्याकाळ म्हणजे समुद्र आणि समुद्र म्हणजे पश्चिम हे पाठ होतं. इथे समुद्र उगवतीला. संध्याकाळचा वारा समुद्राकडूनच येत होता, पण पूर्वेकडून, आणि आम्हा दोघांचा वास, त्यातही अरबाबच्या अत्तराचा, डोंगरातून दुपारीच उतरून घाफच्या दाटीत थांबणाऱ्या हरणांना थेट पोचवत होता. मामा मालकासमोर जाऊन उभे राहिले. "अरबाब, चूक मेरा है. वारा मेरे को मालूम था, समुद्र मालूम नहीं था. एक जुम्मेरात और दो." चूक कबूल करणारा माणूस बहुधा मालकाला रोज भेटत नसावा. तो म्हणाला, "इन्शाल्ला."

पुढचा गुरुवार आला तेव्हा माझ्या व्हिसाचे दोन दिवस उरले होते. या खेपेला मामांनी मुठी मुठीनं राख उधळली, बकऱ्याही शिंकल्या. जागा निवडली ती पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, लेंड्यांच्या ढिगाऱ्याजवळच्या एका वाकड्या बोरीवर. तिथले लोक तिला सिद्र म्हणतात, पण मामांनी एक बोर तोंडात टाकून ती आपल्याच गावची असल्याचं जाहीर केलं. "इधर क्या देखेगा? बकरी का गंद?" अरबाबनं नाक दाबलं. मामांनी त्याचं अत्तर साबणानं धुवायला लावलं आणि आम्हाला वर चढवलं. ऊन पाठीशी होतं, वारा तोंडावर. बुडाखाली फळी, काटे खांद्यात, आणि माझ्या डोक्यात तिकिटाची तारीख. मग घाफच्या सावलीतून एक हरिण आलं. कान हलवत थांबलं. त्यामागून दुसरं, आणि त्याच्या पायांत घुटमळणारं पाडस. अरबाबनं माझं मनगट घट्ट धरलं ते ती परत जाईपर्यंत सोडलं नाही. त्याच्या दाढीवर पाणी होतं.

खाली येताच त्यानं मामांना मिठी मारली. "बोलो हबीबी, क्या मंगता?" मामांनी घसा साफ केला. "हमारा गाँव में जागा दिखानेवाला का पैला हिस्सा होता है. मेरा हिस्सा, इसका नोकरी." अरबाबनं मला नखशिखांत न्याहाळलं. "ये? ये तो तीन दिन में एक बात नहीं बोला." मग तो हसला. "अच्छा है. मेरे ऑफिस में सब बोलता है. स्टोर में बिठाएगा. यल्ला, शनिवार को आओ." त्या स्टोअरमध्ये मी नऊ वर्षं बसलो. बहिणीचं लग्न, आईचं डोळ्यांचं ऑपरेशन, माझा संसार, सगळं त्या वाकड्या बोरीवरून खाली उतरलं. परतताना गाडीत मी मामांना विचारलं, "तुम्हाला नव्हतं का बघायचं?" म्हणाले, "जागो शोधणाऱ्यान जागो धरूचो नसता." आयुष्यात ते स्वतः एकाही मचाणावर बसले नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं.

२००२ साली मामा कायमचे गावी गेले. मी सुट्टीवर गेलो की भेटायचो, पण दोन वर्षं माझं गावी जाणं राहून गेलं, आणि त्यानंतर गेलो तेव्हा मामा नव्हते. पडवीच्या कोपऱ्यात, पागोळीचं पाणी उडेल अशा अडनिड्या जागी त्यांची खुर्ची होती. मी मामीला म्हटलं, ही इथे कशाला, आत घेऊया. मामी म्हणाली, "असू दे. तू येवचो म्हटल्यार आदल्या दिसापासून हयच बसत. तू इलंस नाय, त्या वर्सांक पण बसले." मी त्या खुर्चीत बसलो. समोर आंब्याच्या दोन फांद्यांमधून रस्ता दिसत होता, ओढ्यावरच्या साकवापासून थेट दारापुढच्या खळ्यापर्यंत, येणाऱ्याचे पाय आधी दिसतील असा.