समुद्रावरचे तीन दिवस

माणिकराव गेल्याची बातमी मला सलीमभाईंनी फोनवर दिली. आषाढातला रविवार होता. मी लातूरला घरी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. सलीमभाई आमच्या पाटबंधारे खात्यातले निवृत्त जीपचालक. एकदा बोलू लागले की आवरत नाहीत, अशी त्यांची ख्याती. त्या दिवशी ते एकच वाक्य बोलले. "साहेब, माणिकराव सोमवारपर्यंत थांबले न्हाईत." सोमवार कशाचा, हे मला विचारावे लागले नाही. माणिकरावांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडले होते आणि गेल्या दिवाळीपासून दर सोमवारी व गुरुवारी नांदेडच्या एका रुग्णालयात त्यांचे डायलिसिस होत असे. गुरुवार ते सोमवार हे अंतर मोठे. ते या वेळी पार झाले नाही. फुफ्फुसांत पाणी भरले. मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि बस गाठली. त्याला आता सात आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायचे तर माझ्या एका निर्णयाविषयी लिहावे लागेल, म्हणून इतके दिवस टाळत होतो.

माणिकराव हदगाव तालुक्यातल्या एका खेड्याचे. खात्यात कालवा निरीक्षक होते. मी उपअभियंता म्हणून नांदेडला आलो तेव्हा त्यांची नोकरी दहा वर्षांची झाली होती आणि मला शिकवण्यासारखे त्यांच्याजवळ बरेच होते. कालव्याचे पाणी पाळीने द्यायचे असते. कोणत्या चारीला कोणत्या दिवशी, किती तास, याचे पत्रक निघते. नियम असा की कालव्याच्या अगदी शेवटच्या शेताला आधी पाणी द्यावे आणि मग वर वर यावे. कागदावर हा नियम सर्वत्र असतो. माणिकराव तो पायी चालून पाळत. शेवटच्या शेतात पाणी पोहोचलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते वरचे दार उघडू देत नसत. एकदा वरच्या अंगाच्या एका वजनदार बागायतदाराने माझ्यासमोर त्यांना दम भरला. माणिकरावांनी टोपी काढली, दाराच्या चाकावर ठेवली आणि म्हणाले, "मालक, टोपी उचला आन् फिरवा चाक. मी न्हाई आडवत." त्याने टोपी उचलली नाही.

निवृत्तीनंतर आम्ही पाच जण रविवारी नांदेडजवळच्या बंधाऱ्यावर गळ टाकून बसू लागलो. माणिकराव, सलीमभाई, मी आणि कार्यालयातले दोन लेखनिक. मी पुढे लातूरला मुलाकडे राहायला गेलो, तरी महिन्यातला एक रविवार चुकवला नाही. कणकेचा गोळा, गांडुळे, डबा आणि फारसे न बोलणे, असा तो कार्यक्रम असे. आमचा हंगाम मे महिन्याचा. बंधाऱ्याचे पाणी तेव्हा उतरून डोहात गोळा होते, त्याबरोबर मासाही गोळा होतो. मे महिन्यात आंधळ्याच्या गळालासुद्धा रोहू लागतो, असे आम्ही म्हणत असू आणि ते खरे होते.

दिवाळीनंतर माणिकराव बंधाऱ्यावर येत, पण त्यांच्या पिण्याचे पाणी मोजलेले असे. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर ठरवून दिले होते. हजारो एकरांना पाणी वाटलेला हा माणूस ते लिटर पाळीने पीत असे. सकाळी किती, जेवताना किती, गोळ्यांसोबत किती, हे ठरलेले. उन्हात आम्ही त्यांच्यासमोर तांब्या उचलायला संकोचलो, तर ते म्हणत, "प्या की. तुमची पाळी हाय." त्यांच्या तोंडून तक्रार मी कधी ऐकली नाही.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी त्यांनी विषय काढला. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. कोकणातल्या एका बंदरावरचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, गळ टाकणाऱ्या मंडळींना होडीवर तीन-तीन दिवस खोल समुद्रात नेतो, झोपणे-जेवणे होडीवरच, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. आपण पाच जणांनी ती होडी घ्यायची, असा त्यांचा प्रस्ताव. तीस वर्षे आपण पाणी सोडले, ते शेवटी कुठे जाऊन पडते ते पाहू, असे ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की गोदावरी पूर्वेच्या समुद्राला मिळते. कोकणात तिचा थेंबही जात नाही. त्यांनी थोडा विचार केला. "मंग काय झालं साहेब? समुद्र समुद्र आपसात बोलत असतीलच की." सलीमभाई इतके हसले की त्यांच्या गळाचा मासा सुटला.

डायलिसिसचे काय, हा प्रश्न मी विचारला. त्याचे उत्तर त्यांच्याजवळ तयार होते. बंदरापासून तासाभरावर एक रुग्णालय आहे. गुरुवारी तिथे डायलिसिस करून घ्यायचे, शुक्रवारी पहाटे होडीत चढायचे, रविवारी संध्याकाळी धक्क्याला लागायचे, सोमवारी पुन्हा तिथेच यंत्राला लागायचे. तीन दिवस त्या फटीत नेमके बसत होते. डॉक्टरांनी परवानगी दिली नव्हती, मनाईही केली नव्हती. हे सगळे पुढच्या वर्षी जमेल का, असे मी विचारले नाही. त्यांचा चेहरा पाहिल्यावर ते विचारण्याची गरज नव्हती...

तयारीचे काम माझ्याकडे आले. कोणतेही काम पत्रक काढून करायचे, ही माझी सवय. मी सहलीचे पाळीपत्रक तयार केले. कोण केव्हा झोपणार, कोण स्वयंपाकाला मदत करणार, माणिकरावांच्या गोळ्या आणि पाण्याकडे कोण पाहणार, गळ केव्हा टाकायचे. पुढच्या महिन्याच्या रविवारी ते वाचून दाखवले. सलीमभाईंनी शंका काढली, की गळ टाकायची वेळ सहा ते नऊ लिहिली आहे, तर मासे नऊनंतर आले तर काय करायचे? माणिकराव गंभीरपणे म्हणाले, "त्यान्ला उद्या या म्हणायचं. पत्रक साहेबांचं हाय." उलटी आली तर कोणत्या बाजूला करायची, हेही कलम घाला, असा सलीमभाईंचा आग्रह होता. मी ते घातले नाही. माणिकरावांनी माझ्या हातून कागद घेऊन तळाशी पेन्सिलने लिहिले: सलीमभाई, डावी बाजू.

तारीख ठरवायला आम्ही तांडेलाला फोन लावला. त्याने सरळ सांगितले, "सायबानू, फेब्रुवारीत येवा. दर्या तेव्हा निवांत असता." माणिकरावांनी माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली. फेब्रुवारीत पाणी भरपूर असते, मासा पांगलेला असतो. इतक्या लांब जाऊन रिकाम्या गळाने परत यायचे का, असे मी म्हणालो. माझे मत मे महिन्याचे होते. तांडेल फोनवर काही सांगत होता, वाऱ्याचे काहीतरी. भाड्याने होडी देणारा माणूस आपल्या सोयीची तारीख पुढे करणार, असे मी गृहीत धरले. समुद्राचे पाणी मे महिन्यात उतरून डोहात गोळा होत नाही, ही गोष्ट शाळकरी मुलालाही कळावी. मी चौतीस वर्षे पाण्याचा अभियंता होतो. पण मी पाहिलेले प्रत्येक पाणी कोणीतरी अडवलेले होते, आणि त्याच्या दाराची किल्ली आमच्याकडे होती. दोन्ही लेखनिकांना माझे म्हणणे पटले. सलीमभाईंनाही पटले. बंधाऱ्यावर माझे म्हणणे सर्वांना नेहमीच पटत असे.

माणिकराव दोरा गुंडाळत होते. वर न पाहता म्हणाले, "साहेब, मे लई लांब हाय."

मी त्यांना सांगितले की घाईने हंगाम बदलत नाही. ते म्हणाले, "तुम्ही म्हणताल तसं." त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. मी त्यांचे म्हणणे उतावळेपणाचे समजलो. त्या दोन शब्दांत, लई लांब या शब्दांत, किती हिशेब होता, हे मी ऐकले नाही. अधिकाऱ्याचे कान निवृत्तीनंतरही तसेच राहतात.

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये त्यांच्या पायांवर सूज दिसू लागली. एप्रिलमध्ये ते बंधाऱ्यावर रिक्षाने येऊ लागले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख ठरली होती. मंगळवारी सकाळी मंडळी भाड्याची गाडी करून नांदेडहून निघाली आणि दुपारी लातूरला माझ्या घरी आली. मला घेऊन पुढे जायचे होते. माणिकरावांनी नवा पांढरा सदरा घातला होता. आदल्या दिवशीच डायलिसिस झाले असल्याने चेहरा जरा उतरलेला होता. पण सलीमभाईंनी लोह्याच्या वळणावर गाडीच्या चालकाला दिलेले धडे ते नकलेसकट सांगत होते. चहा समोर होता. त्यांनी त्यांच्या वाट्याचे दोन घोट घेतले. तेवढ्यात तांडेलाचा फोन आला.

वारा सुटला होता. बंदरावर धोक्याचा बावटा लागला होता. होड्या वर ओढल्या जात होत्या. मी त्याला विचारले, दोन दिवसांत उतरेल का? मी त्याला हेही सांगितले, की आमच्या तारखा फार अडचणीने जुळवलेल्या आहेत. तो नम्रपणे म्हणाला, की तारखांचे त्याला समजते, पण त्याच्या हातात काही नाही. माणिकरावांनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्याकडे दिला.

"किती दिवस राहील वारा?"

"आता सीझन संपलो, काकानू. नारळी पुनव झाल्याशिवाय काय जमाचा नाय."

माणिकरावांनी आभार मानून फोन बंद केला. मग सलीमभाई म्हणाले, निघालोच आहोत तर जाऊ, रुग्णालय ठरलेले आहे, किनाऱ्यावरून तरी समुद्र बघू. मला ते पटले. पहिल्यांदाच मी काही ठरवले नाही, माणिकरावांकडे पाहिले. ते म्हणाले, "काठावरून बघायला बंधारा हायच की, सलीमभाई. जलम काठावरच गेला आपला." मग त्यांनी घड्याळ पाहिले. गुरुवारी सकाळी नांदेडच्या यंत्रावर त्यांची जागा होती, ती त्यांनी दुसऱ्या रुग्णासाठी सोडून दिली होती. परत मिळवायची तर उशीर करून चालणार नव्हते. अर्ध्या तासात गाडी आल्या वाटेने परत फिरली. मी फाटकात उभा होतो. बांधलेली माझी पिशवी ओसरीवर होती... ती मी तीन दिवस उघडली नाही.

जलदान विधीला मी नांदेडला गेलो. मंडपाबाहेर सलीमभाई माझ्याशेजारी बसले. त्यांनी जे सांगितले ते मला दुखवण्यासाठी सांगितले नाही. त्यांना वाटले, मला ठाऊक असेल. आम्ही तांडेलाला फोन केला त्याच्या चार दिवस आधीच माणिकरावांनी कोकणातल्या त्या रुग्णालयात फेब्रुवारीतली खाट ठरवून ठेवली होती. रक्ताचे सगळे अहवाल पाठवले होते. मी मे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून ती सोडली आणि मे महिन्यासाठी पुन्हा सगळे केले. मला का सांगितले नाही, असे मी विचारले. सलीमभाई म्हणाले, "म्या म्हनलं होतं त्यान्ला, सांगा म्हून. ते म्हनले, साहेबांनी एकदा पत्रक काढलं की त्यात खाडाखोड करू न्हाई." ही शिस्त मीच त्यांना लावली होती.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. पेन्शनच्या कागदांवर त्यांच्या पत्नीच्या, सुमनवहिनींच्या, सह्या घ्यायच्या होत्या. माणिकरावांच्या खोलीतल्या एका खिडकीतच फोनला रेंज मिळते. त्या खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा फोन अजून ठेवलेला असतो, आणि वहिनी तो रोज चार्ज करतात. बंद करायला हात होत नाही, म्हणाल्या. खाली त्यांचे बसायचे लाकडी स्टूल आहे. घरून कोकणात, रुग्णालयाला आणि तांडेलाला, जेवढे फोन झाले ते सगळे इथूनच झाले, असे त्यांनी सांगितले. मी कागद आवरत होतो, तेव्हा तो वाजला. वहिनींनी नाव पाहिले आणि फोन माझ्यापुढे धरला. "साहेब, होडीवाला हाय. तुम्हीच बोला. तारखेचं तुम्हालाच ठाव."

मला स्टुलावर बसावे लागले, नाहीतर आवाज नीट येत नव्हता. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. तांडेलाचा आवाज प्रसन्न होता. "काकानू, दर्या शांत झालो हा. तुमी कधी येतालात?"

सांगण्यासारखे वाक्य एकच होते आणि ते मी कितीतरी जणांना आजवर सांगितले होते. वहिनी दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, विचारून कळवतो. बरं, तो म्हणाला, सावकाश कळवा. कोणाला विचारणार, हे त्याने विचारले नाही.