शांत पाण्याची पट्टी

नव्या मध्य प्रदेशाला समुद्र मिळाला नाही, याची खंत इंदुरात बहुधा एकट्या माझ्या वडिलांना होती. महेश्वरला नर्मदा पोहून पार केलेला माणूस, अशी ते स्वतःची ओळख करून देत. कुणी विचारलं नसलं तरी. नदीने त्यांना एक नियम शिकवला होता: पाणी उसळतं तिथे खडक, गुळगुळीत असतं तिथे वाट.

एका लग्नासाठी आम्ही कोकणात गेलो. किनाऱ्यावर ना पाटी, ना पहारा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि मधोमध एक काळसर, शांत पट्टी.

"देखो, कुदरतने रस्ता करून ठेवलाय," वडील सदरा काढत म्हणाले.

"मग गावातलं एकही माणूस पाण्यात कसं नाही?" आईने विचारलं.

"गाव के लोग हैं. त्यांना तैरणं कुठे येतंय?"

ते उतरले. हात सुरेख पडत होते. थोड्या वेळाने ते आमच्याकडे वळले, हात तसेच पडत राहिले, पण डोकं लहान लहान होत गेलं. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

शिंपल्या वेचणारी एक बाई धावत आली. "सरळ नको येऊ! आडवा जा, लाटा फुटतात तिकडं!" ती ओरडली. मग आम्हाला म्हणाली, "लाट फुटत नाही तिथनंच पाणी मागं जातं."

प्रवाहाशी भांडू नये, हे नर्मदेत पोहणाऱ्याला सांगायला नको. पण समोर कुटुंब उभं होतं, आणि भलतीकडे बाहेर निघणं वडिलांच्या हिशेबात माघार होती. ते सरळच येत राहिले, म्हणजे लांब जात राहिले.

चारचौघांत नवऱ्याला कधी हाक न मारलेली आई किंचाळली, "अहो, ऐका तिचं!"

ते आडवे वळले. बऱ्याच वेळाने लाटांनी त्यांना दोन शेतांएवढ्या अंतरावर वाळूवर आणून टाकलं. आम्ही पोचलो तेव्हा ते हातागुडघ्यांवर होते आणि खारं पाणी ओकत होते.

"करंट था," ते शेवटी म्हणाले.

"रोजच असतो," बाई म्हणाली. "जागा तेवढी बदलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "बाईजी, आज कुठे उतरू?"

तिने आधी समुद्राकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "हितं. गुडघ्यापर्यंत."

वडील तासभर गुडघाभर पाण्यात उभे होते. शिंपल्या वेचता वेचता ती अधूनमधून मान वर करून त्यांचे गुडघे बघत होती.