अर्धी मठारलेली कळशी

आज चिंचेने तांब्याची कळशी घासताना तो आंबट वास नाकात शिरला आणि वाशीचा तेव्हाचा नवा फ्लॅट आठवला.

माझे वडील तांबट होते. माझ्यासाठी केलेली ही कळशी ते आमच्या गॅलरीत बसून मठारत होते, म्हणजे बुडापासून वर हातोडीने ओळीने ठोकत होते.

"नुसता पत्रा मऊ असतो, पोरी. ठोके खाऊन खाऊन त्याचा कण बारीक होतो. मग त्याला पोचे पडत नाहीत."

समोरच्या गॅलरीतून शेजारीण ओरडली, "ओ काका, सोसायटी आहे ही! कारखाने तिकडे पावणे एमआयडीसीत!"

बायका हसल्या. मीही हसले.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातोडी पिशवीत घातली. कळशी निम्मीच झाली होती.

"राहिलेली गावी घेऊन ये, तिथे करू," म्हणाले. "चहा टाक."

मी कधीच नेली नाही. कळशी घेऊन एसटीत चढायची लाज वाटायची.

"आई, पोचे सगळे वरच कसे हो? खाली एक नाही," आज सुनेने विचारलं.

"आपटली असेल कुठेतरी," मी म्हटलं आणि पुन्हा घासायला घेतली.