गोळीला गुडघा ठाऊक नसतो

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातला औषधवाला इतका संथ, की त्याच्या काउंटरवर उभ्या उभ्या माझी दाढी वाढायची. आधी चष्मा पुसणार, मग प्रश्न विचारणार. एकदा बाबांच्या गुडघ्यासाठी मी शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मागितली.

"बाबा दुसरं काय घेऊन राहिले?"

"रक्त पातळ करायची गोळी. पण भैया, दुखते तर गुडघा!"

त्यानं काढलेली गोळ्यांची पट्टी परत खणात टाकली.

"गोळीले गुडघा कुठं मालूम असते, भाऊ? ते साऱ्या अंगात फिरते. ह्या दोघी भेटल्या तर पोटात रक्त वाहू शकते. फार्माकॉलॉजी म्हंजे हेच, औषध अंगात जाऊन काय काय करते ते. जा, डॉक्टरले विचार."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, दुसरं औषध दिलं. आजही बाबा माझ्यावर ओरडले की पार दूरच्या गुढियारी वस्तीपर्यंत ऐकू जातं. तेव्हा मी त्या चष्मा पुसणाऱ्याला मनातल्या मनात हात जोडून घेतो.