जिभेखालची गोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, इंदूरच्या डॉक्टरांनाही नाही — आणि त्यांना तर मी पोट साफ झालं की नाही तेसुद्धा सांगतो. तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट माहीत नाही.

पेपर मिलमधून रिटायर होऊन आम्ही बऱ्हाणपुरात, बुधवारा मोहल्ल्यात राहायला आलो आणि पुढच्याच उन्हाळ्यात मला अटॅक आला. स्टेंट पडला, जीव वाचला. पण वाचलेल्या जिवाचं करायचं काय? सकाळी मूठभर गोळ्या, रात्री मूठभर. भाजी अळणी, लोणचं बंद. बऱ्हाणपुरात राहून दराबा खायचा नाही — मिठाईच्या दुकानासमोरून सुमन, म्हणजे माझी बायको, मला हाताला धरून न्यायची.

एक गोळी मात्र वेगळी होती. छातीत दुखलं तरच जिभेखाली ठेवायची. तिची लहान बाटली हॉलमध्ये टीव्हीपाशी असायची.

एकदा दापोऱ्याला साडूकडे जायचं ठरत होतं. साडू केळीच्या भावावर बोलायला लागला की थांबत नाही. मी नको म्हणत होतो आणि हरत होतो. छातीत जरा धडधडलं — धडधडलं होतं, एवढं खरं — आणि मी गोळी जिभेखाली ठेवली. घर चिडीचूप झालं. विनोदने, मुलाने, टीव्ही बंद केला. दापोरा रद्द झालं. संध्याकाळी खिचडीवर तूप पडलं.

तुम्ही काय केलं असतं?

नंतर सवयच लागली. पण त्या गोळीने डोकं फार ठणकायचं. म्हणून मी बाटलीत होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या भरल्या आणि खऱ्या गोळ्या कपाटात, लग्नातल्या कोटाच्या खिशात ठेवल्या. फार सोयीचं झालं. पाहुणे नको असले की साखर, बँकेत जायचा कंटाळा आला की साखर.

मग एका रविवारी सुमन पोळ्या लाटता लाटता खाली बसली.

"अहो, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतंय."

विनोदने माझी बाटली आणून तिच्या जिभेखाली गोळी ठेवली. सुमन घामाने भिजली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ही गोड लागतेय रे." त्याने आणखी एक दिली. "ही पण गोडच."

कोट आतल्या खोलीत होता. दहा पावलं असतील. पण आणायची म्हणजे — कुठून आणली ते सांगावं लागलं असतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. कोटाकडे गेलो नाही.

विनोदने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, बाटलीही बरोबर घेतली; मीही सोबत गेलो. दुखणं हृदयाचंच निघालं. ती वाचली, आता तिच्याही गोळ्या चालू आहेत. तिथल्या डॉक्टरांनी बाटलीतली एक गोळी चाखली आणि म्हणाले, "ये तो शक्कर है." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मोहनभाईंच्या मेडिकलमधून आणलीय," मी म्हणालो.

विनोद तसाच दुकानात गेला आणि भर बाजारात त्यांना चोर म्हणाला. मोहनभाई म्हणाले, "बेटा, मैंने सीलबंद शीशी दी थी. पापा से पूछ ले."

तो घरी आला. "पप्पा, सील होतं का?"

मी छातीवर हात ठेवला. त्याने पुन्हा विचारलं नाही.

सुमन दवाखान्यातून घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मोहनभाई नवी बाटली घेऊन आले. ज्याच्याकडून माल घेत होते तो व्यापारी त्यांनी बदलला होता. सुमनसमोर हात जोडून उभे राहिले. मी खुर्चीत बसून होतो. तोवर गल्लीत बोभाटा झाला होता. सुमन अजूनही शेजारणींना सांगते, त्या दुकानातून काही घेऊ नका. बऱ्याच जणी घेत नाहीत.

आम्हीही आता दुसरीकडून औषधं आणतो. पण भाजीला जायचा रस्ता त्यांच्या दुकानावरूनच आहे. काल त्यांनी हाक मारली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. "भाईसाब, भाभीजी कैसी हैं?" म्हणाले. मी बरी आहे म्हणालो. त्यांनी स्टूल पुढे केलं, शेजारच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा मागवला.

मी बसलो. सगळा चहा प्यायलो.